वादक ते गीतकर्ता : रेमो फर्नांडिस यांची सांगीतिक वाटचाल आणि गोमंतकीय कलावंताच्या नावाचा प्रश्न

बीजसंज्ञा : रॉक संगीत, गोवा, मुंबई, कॅसेट, गीतलेखन, कर्तृत्व, सांस्कृतिक इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांच्या आधुनिक सांगीतिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत, भावगीत आणि चित्रपटसंगीत या चार शाखांभोवती झाले आहे. लोकसंगीताचा आणि शाहिरी परंपरेचा स्वतंत्र अभ्यासही मराठीत समृद्ध आहे. मात्र इलेक्ट्रिक गिटार हाती घेऊन स्वतःची गाणी लिहिणाऱ्या कलावंतांची दखल इतिहासलेखनात क्वचितच घेतली गेली. रॉक संगीत हे परकीय, महानगरी आणि तरुणाईच्या तात्पुरत्या हौसेचे संगीत आहे, अशी समजूत त्यामागे असावी. या समजुतीमुळे एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले. पाश्चात्त्य वाद्यांवर प्रभुत्व असणारे शेकडो गोमंतकीय वादक विसाव्या शतकात मुंबईच्या संगीतव्यवसायात कार्यरत होते. त्यांनी वाजवलेले सूर घराघरांत पोचले. नावे मात्र पोचली नाहीत. हा वादक स्वतःच्या रचनेचा कर्ता म्हणून लोकांसमोर केव्हा आणि कसा आला, हा तो प्रश्न होय.

गिटारवादक, गायक आणि गीतकर्ते रेमो फर्नांडिस यांच्या वाटचालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रेमो यांची ओळख बहुसंख्य वाचकांना हिंदी चित्रपटगीतांचे गायक म्हणून आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे अधिक महत्त्वाचे कार्य १९८४ साली गोव्यातील शिवोली (सियोलिम) गावी, राहत्या घरी ध्वनिमुद्रित झालेल्या एका कॅसेटमध्ये आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाबाहेर राहून, गावात बसून आणि उपलब्ध झालेल्या एका साध्या यंत्राच्या साहाय्याने त्यांनी गोमंतकीय वादकाला नाव मिळवून दिले, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्याचबरोबर या यशाच्या मर्यादाही नोंदवल्या आहेत.

गोव्याचा वादक आणि मुंबईचा व्यवसाय

गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षे होती. या काळात चर्चशी संलग्न असलेल्या धर्मग्रामांच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण दिले जात असे. प्रार्थनासंगीत गाणारा गायकवृंद तयार करणे हा त्या शिक्षणाचा मूळ हेतू होता. परंतु गोव्यात रोजगाराची साधने मर्यादित असल्यामुळे या शिक्षणाचे रूपांतर उपजीविकेच्या कौशल्यात झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची चित्रगृहे, जहाजे आणि हॉटेले येथे गोमंतकीय वादकांना मागणी होती. मुंबईतील धोबीतलाव परिसरातील 'कूड' म्हणजे एकेका गावच्या लोकांनी चालवलेली सामुदायिक निवासस्थाने. ती या स्थलांतरितांचा आधार ठरली.

बोलपटाच्या युगात हेच वादक हिंदी चित्रपटसंगीताचा कणा बनले. संगीतकाराने चाल बांधावी, ती स्वरलिपीत उतरवून पन्नास-साठ वाद्यांमध्ये तिची विभागणी करावी ती मात्र गोमंतकीय संयोजकाने, अशी ही पद्धत होती. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलेले वाद्यसंयोजन सर्वपरिचित आहे. अंतोनियो शावियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाने सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. 'अलबेला' (१९५१) मधील गीतांना जो पाश्चात्त्य डौल लाभला, त्यात या सहकार्याचा वाटा मोठा आहे.

या व्यवस्थेत वादकाला मोबदला मिळे, परंतु कर्तेपण मिळत नसे. या दृष्टीने अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे उदाहरण बोलके आहे. माजोर्डा येथून मुंबईला आलेल्या या व्हायोलिनवादकाने १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारित स्वतःच्या रचनांचा वाद्यवृंदमेळ सादर केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचा सहभाग होता. पुढे १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गीतात त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे नाव आदराने गुंफले. नाव देशभर गाजले, पण ते एका विनोदी पात्राचे म्हणून. त्या नावाचा धनी प्रत्यक्षात एक रचनाकार होता, ही गोष्ट अनेक वर्षे फार थोड्यांना ठाऊक होती.

या चौकटीला अपवाद नव्हते असे नाही. फ्रँक फर्नांड यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट निर्माण केले. ख्रिस पेरी यांनी लॉर्ना यांच्या आवाजात स्वतःची कोंकणी गाणी जॅझच्या ढंगात लोकप्रिय केली. त्या काळाचे चित्रण करणारा 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट २०१४ साली आला आणि त्या पिढीच्या उपेक्षेची चर्चा नव्याने सुरू झाली. मात्र या अपवादांचेही केंद्र मुंबईच होते. ध्वनिमुद्रणगृह मुंबईत, कंपनी मुंबईत आणि रोजीरोटीही मुंबईत, ही स्थिती १९७० च्या दशकापर्यंत कायम राहिली.

बालपण आणि संधिकाल

लुईस रेमो दे मारिया बेर्नार्दो फर्नांडिस यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात झाला. बारदेश तालुक्यातील शिवोली हे त्यांच्या घराण्याचे गाव. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यामुळे त्यांची पिढी दोन राजवटींच्या सांध्यावर वाढली. शासनाची भाषा पोर्तुगीज होती ती जाऊन इंग्रजी आली. घरात, बाजारात आणि चर्चमध्ये वेगवेगळ्या भाषांचा वापर चालू राहिला. पुढे रेमो यांनी इंग्रजी, कोंकणी, पोर्तुगीज, हिंदी आणि फ्रेंच अशा अनेक भाषांत गाणी गायिली. हे बहुभाषिकत्व त्यांनी प्रयत्नपूर्वक धारण केलेले नव्हते. ते त्या पिढीच्या जडणघडणीतच होते.

मुक्तीनंतर गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की स्वतंत्र राहावे, हा वाद पेटला. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात १,७२,१९१ मते केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता. या लढ्यात गाण्यांनी मोठी भूमिका बजावली. उल्हास बुयांव यांच्या कोंकणी गीतांनी विलीनीकरणविरोधी सभा दुमदुमल्या, तर विलीनीकरणवाद्यांच्या बाजूला मराठीची कीर्तन-नाट्य परंपरा उभी होती. त्या वेळी रेमो तेरा वर्षांचे होते. गाणे हे केवळ मनोरंजन नसून सार्वजनिक मत घडवण्याचे साधन असू शकते, याचा प्रत्यय त्या वयातील कोणत्याही संगीतप्रेमी गोमंतकीय मुलाला येणे स्वाभाविक होते.

याच दशकात रॉक संगीताच्या तबकड्या गोव्यात येऊ लागल्या. शाळकरी वयातच रेमो यांनी मित्रांसह 'द बीट फोर' हा बँड स्थापन केला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हणजूण, कलंगुट व वागातोर या किनाऱ्यांवर युरोप-अमेरिकेतील हिप्पींची वर्दळ सुरू झाली. शिवोलीपासून हे किनारे फार दूर नाहीत. परदेशी कलावंतांशी ऐकणे-वाजवण्याच्या नात्याने येणारा हा संबंध मुंबईतील तरुण वादकांना सहसा लाभत नव्हता.

मुंबईतील वर्षे : दुसऱ्यांची गाणी

रेमो यांनी वास्तुकलेचे शिक्षण मुंबईत घेतले. शिक्षणाच्या काळात ते 'द सॅव्हेजेस' या मुंबईतील नामवंत बँडमध्ये वाजवत असत. त्या काळातील मुंबईचे रॉक जग लहान परंतु उत्साही होते. १९७० आणि १९७१ साली झालेल्या 'सिमला बीट' स्पर्धांनी देशभरातील बँडना व्यासपीठ दिले. षण्मुखानंद सभागृह, महाविद्यालयांचे महोत्सव आणि पुढील काळात धोबीतलावचे रंगभवन ही या संगीताची प्रमुख ठिकाणे होती.

या बँडच्या कार्यक्रमात प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेतील गाजलेली गाणी हुबेहूब वाजवली जात. त्याची कारणे केवळ अनुकरणप्रियतेत शोधणे अन्यायाचे ठरेल. परदेशी वाद्ये व ध्वनिवर्धक आयात करणे अत्यंत खर्चाचे होते. उत्पन्न हॉटेले आणि नृत्यसंध्यांतून येत असे आणि तेथील श्रोत्यांना ओळखीचीच गाणी हवी असत. ध्वनिमुद्रण कंपन्यांना भारतीय कलावंताने लिहिलेल्या इंग्रजी गाण्यात बाजारपेठ दिसत नव्हती. परिणामी गोमंतकीय वादक चित्रपटाच्या वाद्यवृंदात अनाम होता, तसाच रॉक बँडमध्येही दुसऱ्याच्या नावाने वाजवत होता.

याच काळातील मराठी समांतर उदाहरण नंदू भेंडे यांचे आहे. आत्माराम भेंडे यांच्या घरात वाढलेल्या या गायकाने १९७४ साली मुंबईत सादर झालेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या संगीतिकेत ज्युडासची भूमिका केली. १९७८ साली थिएटर अकॅडमीने रंगभूमीवर आणलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये त्यांनी रॉकची शैली मराठी रंगमंचावर आणली. भेंडे यांनी रॉकला मराठी नाटकाचा आधार दिला. रेमो यांच्यापुढे असा संस्थात्मक आधार नव्हता. त्यांना वेगळी वाट शोधावी लागली.

युरोपचा प्रवास आणि गावी परतणे

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमो यांनी युरोप व उत्तर आफ्रिकेत प्रवास केला. वाटेत मिळेल त्या वाहनाने जाणे, रस्त्यावर वा छोट्या सभागृहांत वाजवणे, अशा स्वरूपाचा हा प्रवास होता. पॅरिसमध्ये त्यांनी फ्यूजन-रॉक गटांबरोबर वादन केले. निरनिराळ्या देशांतील वादक रॉकच्या चौकटीत आपापल्या प्रांताचे सूर आणि आपापली भाषा वापरत आहेत, हे तेथील वातावरणात दिसत होते.

प्रवासानंतर युरोपात स्थायिक होणे किंवा मुंबईत हॉटेलांच्या आणि चित्रपटांच्या वर्तुळात परतणे, हे दोन पर्याय त्या काळातील वादकासाठी रूढ होते. वास्तुविशारद म्हणून व्यवसाय करणे हा तिसरा पर्यायही खुला होता. रेमो यांनी यांपैकी कोणताही न स्वीकारता शिवोलीच्या घरी राहून स्वतःची गाणी लिहिण्याचे ठरवले. गोमंतकीय संगीतकाराच्या स्थलांतराचा सुमारे शतकभराचा प्रवाह लक्षात घेतला तर या निर्णयाचे वेगळेपण जाणवते. मागील पिढ्यांनी संगीतासाठी गाव सोडले होते. येथे संगीतासाठीच कलावंत गावी परतला होता.

'गोअन क्रेझी' : घरातील ध्वनिमुद्रण आणि त्याचे अर्थकारण

रेमो यांनी लिहिलेल्या इंग्रजी गाण्यांत ध्वनिमुद्रण कंपन्यांनी प्रारंभी रस दाखवला नाही. तेव्हा त्यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही कॅसेट स्वतः काढली. नावातच श्लेष आहे. 'वेडा होत चाललेला' आणि 'गोमंतकीय वेडा' असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. गीते, चाली, गायन, बहुतेक सर्व वाद्यांचे वादन, ध्वनिमिश्रण आणि वेष्टणाची सजावट हे सारे त्यांनी एकहाती केले. तयार कॅसेट पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातील दुकानांत त्यांनी स्वतः पोचवल्या.

हे शक्य झाले ते तंत्रज्ञानातील एका बदलामुळे. १९७९ साली टॅस्कॅम या जपानी कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र बाजारात आणले आणि साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्यांत ध्वनिमुद्रण करण्याची सोय झाली. एका पट्टीवर ताल, दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर गिटार असे एकेक मुद्रित करावयाचे. मग या तिन्हींचे मिश्रण चौथ्या पट्टीवर उतरवून पहिल्या तीन पट्ट्या बासरी व आवाजासाठी मोकळ्या करून घ्यावयाच्या, अशी ही पद्धत होती. अशा प्रत्येक उतारणीत फितीचा खरखराट वाढतो आणि एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे कोणते वाद्य किती मोठे ठेवावयाचे, याचा निर्णय आधीच आणि नेमका घ्यावा लागे. मुंबईच्या स्टुडिओत संगीतकार, संयोजक, ध्वनिमुद्रक आणि वादक यांच्यात विभागलेले श्रम येथे एकाच व्यक्तीकडे आले. श्रमांची विभागणी संपली आणि तिच्याबरोबर नावाची विभागणीही संपली.

अर्थकारणातील बदलही तितकाच महत्त्वाचा आहे. ध्वनिमुद्रिकेसाठी साचे घडवावे लागत आणि मोठ्या संख्येने प्रती काढल्याशिवाय खर्च भरून निघत नसे. कॅसेटच्या प्रती मात्र अल्पसंख्येने, मागणीनुसार काढता येत. १९८० च्या दशकात याच सोयीमुळे महाराष्ट्रात भीमगीते, कोळीगीते आणि लोकगीते, तर गोव्यात तियात्राची गाणी मोठ्या प्रमाणावर कॅसेटच्या रूपाने लोकांपर्यंत गेली. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दार उघडले नव्हते, अशा समूहांचा आवाज कॅसेटने टिपला. रेमो यांची कॅसेट इंग्रजीत असली तरी ती या व्यापक घडामोडीचाच भाग आहे. तिची तुलना परदेशी रॉक अल्बमशी करण्याऐवजी समकालीन भीमगीतांच्या व तियात्राच्या कॅसेटशी करणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरेल.

'गोअन क्रेझी'मधील भाषा इंग्रजी होती, पण आशय गोव्याचा होता. गावातील माणसे, त्यांच्या लकबी, बदलते किनारे आणि गोव्याविषयी बाहेरच्यांची कल्पना हे तिचे विषय होते. त्यापाठोपाठ १९८५ साली 'ओल्ड गोअन गोल्ड' हा जुन्या गोमंतकीय गीतांचा संग्रह आला. या दोन कृती जोडीने पाहिल्या असता एक सूत्र दिसते. एकीत नव्या गाण्याचे कर्तेपण आहे, तर दुसरीत परंपरेशी असलेले नाते जाहीर केलेले आहे. स्वतःच्या नावाने उभे राहताना आधीच्या पिढ्यांचा वारसा नाकारलेला नाही.

नागरी गीत आणि भाषावादाचा काळ

१९८५ ते १९८७ हा गोव्याच्या इतिहासातील प्रक्षोभाचा काळ होता. राजभाषा कोंकणी की मराठी, या प्रश्नावर आंदोलने झाली, हिंसाचारही झाला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. देवनागरी कोंकणीला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि मराठीच्या शासकीय वापरासही मान्यता राहिली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. १९९२ साली कोंकणीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला.

या वादाच्या चौकटीत रेमो यांची गाणी सहजी बसत नाहीत. ती मराठीत नव्हती आणि पुष्कळशी कोंकणीतही नव्हती. तरीही ती गोव्याच्याच प्रश्नांवर होती. तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या गोवा भेटीतील कार्यक्रमात रेमो यांनी थेट त्यांना उद्देशून रचलेले 'हॅलो राजीव गांधी' हे गीत सादर केले आणि त्यातून गोव्यातील गैरकारभाराकडे लक्ष वेधले. त्यावर स्थानिक पातळीवर टीका झाली. पंतप्रधानांनी मात्र पत्राद्वारे प्रशंसा कळवली. दरबारी कार्यक्रमात पाहुण्यांचे मनोरंजन करणे हे गोमंतकीय वादकाचे जुने काम. त्याच व्यासपीठावरून नागरिक या नात्याने गाऱ्हाणे मांडणे ही नवी गोष्ट होती.

'पॅक दॅट स्मॅक' या अल्बमचा विषय अमली पदार्थ हा होता. ब्राउन शुगरने १९८० च्या दशकात मुंबई आणि गोव्यातील अनेक घरे उद्ध्वस्त केली. रॉक संगीत आणि व्यसन यांची सांगड घालण्याची सर्वसाधारण वृत्ती असताना एका रॉक कलावंताने व्यसनाविरुद्ध संपूर्ण मोहीम उभारावी, ही त्या काळी नोंद घेण्याजोगी घटना होती. पूर्वी दुर्लक्ष झालेले हे गीतलेखन आता मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीमार्फत प्रसिद्ध होऊ लागले. 'बॉम्बे सिटी' (१९८७) आणि १९९२ मधील 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' हे पुढील अल्बमही समकालीन जीवनावरील भाष्य पुढे नेतात.

चित्रपट, कीर्ती आणि मर्यादा

श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) या चित्रपटात १९६१ च्या संधिकालातील गोमंतकीय कुटुंबाची कथा आहे. त्याचे चित्रीकरण लोटली येथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या वाड्यात झाले. वनराज भाटिया यांचे संगीत असलेल्या या चित्रपटात रेमो यांचा आवाज आहे आणि पडद्यावर दर्शनही आहे. १९८७ च्या 'जलवा' या चित्रपटाच्या शीर्षकगीताने त्यांना देशभर ओळख दिली. १९९५ साली ए. आर. रहमान यांच्या संगीतातील 'बॉम्बे'च्या हिंदी आवृत्तीत आणि १९९८ साली 'प्यार तो होना ही था'च्या शीर्षकगीतात त्यांचा आवाज गाजला. २००७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरवले.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. रेमो यांची सर्वाधिक लोकप्रियता ज्या गीतांमुळे झाली, त्यांपैकी अनेक गीतांच्या चाली इतरांच्या होत्या. राष्ट्रीय कीर्तीसाठी गोमंतकीय कलावंताला अखेरीस हिंदी चित्रपटाच्याच दारातून जावे लागले. अँथनी गोन्साल्विस यांच्या पिढीशी तुलना करता फरक इतकाच की, रेमो त्या दारातून आत गेले तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःचे नाव आणि स्वतःची गाणी आधीपासून होती. हा फरक लहान नाही. परंतु त्यामुळे मूळ रचना बदलली, असेही म्हणता येत नाही.

दुसरी मर्यादा एकहातीपणाची आहे. एका व्यक्तीने सर्व काही केल्यामुळे कर्तेपण निर्विवाद झाले, पण त्यातून संस्था किंवा परंपरा उभी राहिली नाही. याउलट १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'ने सामूहिक मार्ग अनुसरला. त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम १९८८ मध्ये आला. पुढे १९९३ साली या बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. १९८६ पासून रंगभवनात भरू लागलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाने स्वतःची गाणी रचणाऱ्या बँडना श्रोते मिळवून दिले. रेमो यांचा मार्ग आणि या बँडचा मार्ग परस्परपूरक मानावयास हवेत.

तिसरा मुद्दा भाषेचा आहे. इंग्रजी गीत हे भारतीय असू शकते काय, हा आक्षेप रेमो यांच्या संदर्भात वारंवार उपस्थित होऊ शकतो. त्यांनी पुढील काळात पोर्तुगालचे नागरिकत्व स्वीकारले, हे कारणही त्यासाठी पुढे केले जाईल. परंतु गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्या पिढीच्या बाबतीत नागरिकत्व, भाषा आणि भूमी यांचे नाते एकरेषीय नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक असते. गीताचे नाते कोणत्या भूमीशी आहे, हे त्याच्या आशयावरून आणि ते ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्यावरून ठरवणे अधिक न्याय्य होय. २०२१ साली प्रकाशित झालेले रेमो यांचे आत्मचरित्र या दृष्टीने उपयुक्त साधन आहे. मात्र ते कर्त्याने स्वतः सांगितलेले वृत्त असल्याने इतर साधनांशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. गोमंतकीय वादकाची अनामिकता ही त्याच्या गुणवत्तेच्या अभावामुळे नव्हती. ती मुंबईच्या संगीतव्यवसायातील श्रमविभागणीतून निर्माण झाली होती. रेमो फर्नांडिस यांनी गावी परतण्याचा निर्णय, चार पट्ट्यांचे यंत्र आणि कॅसेटचे अल्पखर्ची वितरण यांच्या योगाने ती विभागणी ओलांडली. या मार्गाने मिळालेले कर्तेपण खरे होते, पण ते व्यक्तीपुरते राहिले. गीतकार व संगीतकारांच्या स्वामित्वधनातील वाट्याला कायद्याचे संरक्षण देणारी स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्ती २०१२ साली झाली. नावाचा प्रश्न वैयक्तिक धडाडीच्या पलीकडचा आहे, हेच त्यातून अधोरेखित होते.

या विषयाचा नवी मुंबईशी असलेला संबंधही दुर्लक्षिण्याजोगा नाही. मुंबई परिसरातील भव्य रॉक कार्यक्रमांचे एक प्रमुख ठिकाण आता नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडागार आहे. १५ डिसेंबर २०१९ रोजी तेथे 'यू टू' या आयरिश बँडचा आणि जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले'चा कार्यक्रम झाला. हार्बर मार्गाने वाशी, सानपाडा, जुईनगर अशी स्थानके ओलांडत हजारो श्रोते तेथे जातात. सानपाड्याजवळून जाणारा सायन-पनवेल महामार्ग पुढे पनवेलला गोव्याच्या रस्त्याला मिळतो. या पट्ट्यात राहणारे अनेक विद्यार्थी आज घरच्या संगणकावर स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करतात. १९८४ साली शिवोलीत जे अपवादात्मक होते, ते आता सर्वसामान्य झाले आहे. तरी ऐकावयाचे ते बाहेरून आलेल्यांचे, ही सवय फारशी बदललेली नाही.

अखेरीस साधनांच्या जतनाचा मुद्दा तातडीचा आहे. १९८० च्या दशकातील कॅसेटची चुंबकीय फीत कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत वेगाने खराब होते. तिच्यावर बुरशी चढते, लेप सुटतो आणि एकदा गेलेला आवाज परत मिळत नाही. वेष्टणावर छापलेली वादकांची नावे हाच पुष्कळ वेळा त्यांच्या कामाचा एकमेव लेखी पुरावा असतो. महाविद्यालयांच्या इतिहास व भाषा विभागांनी आपापल्या परिसरातील अशा कॅसेट, वेष्टणे आणि वृद्ध वादकांच्या मुलाखती संग्रहित करण्याचे काम हाती घ्यावे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही; एक ध्वनिमुद्रक, एक नोंदवही आणि काही विद्यार्थी पुरेसे आहेत. वादकांच्या एका पिढीची नावे अशीच हरवली. दुसऱ्या पिढीची नावे फितीबरोबर झडून जाण्यापूर्वी लिहून ठेवणे अजून शक्य आहे.